बोटीवरची वसुली

ढोकीत बोटीचा प्रवास केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यालाही एका हाताची बोटं पुरून उरतात. त्यातलं एक बोट मी. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून लांब. जवळची नदी म्हणजे तेरणा. तिच्यात बोट सोडायची तर आधी पाणी सोडावं लागतं. अशा गावात तीन वेळा बोटीनं जाऊन आलेला माणूस म्हणजे नौकानयनातला अधिकारी पुरुषच. मी बँकेत कारकून आहे, पण अलीकडे माझ्या टेबलाशी व्याजाचा दर विचारणाऱ्यांपेक्षा बोटीचा दर विचारणारेच जास्त येतात. "काय सायेब, मजला कोणता घ्यावा?" "बोट लागती का वो?" "संडासाची सोय काय?" मीही चष्मा कपाळावर चढवून, जन्म भाऊच्या धक्क्यावर गेल्यासारखा सल्ला देतो.

पण कुणी काहीही विचारो, जाता जाता सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो. "ते सगळं खरं, पण पैसे वसूल होतात का?"

या प्रश्नाला आजवर मी हसून उत्तर देत आलो. हा लेख म्हणजे न हसता दिलेलं उत्तर. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना पान उलटायला बरं. बोटीवर पैसे वसूल करायला जाऊ नये. ज्याला वसुलीचीच हौस असेल त्यानं आमच्या शाखेत यावं. तिथं त्या कामाला माणसं कमी आहेत.

वसुली या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. बी.कॉम.ला असताना 'येणे' आणि 'देणे' एवढंच शिकलो होतो. वसुली हा प्रकार नोकरीत कळला. साहेबांच्या मागं मोटारसायकलवर बसून, मांडीवर नोटिसांची पिशवी घेऊन मी कितीतरी गावं फिरलोय. आणि या फिरण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वसुलीला निघालेल्या माणसाला गाव दिसत नाही. गोठ्यातली म्हैस त्याला म्हैस दिसत नाही, तारण दिसतं. आंब्याला मोहोर दिसत नाही, मे महिन्यातला हप्ता दिसतो. घरातल्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो पाणी पितो, पण नजर तांब्यावर असते: पितळी आहे की काय! ही नजर वाईट असं मी म्हणत नाही. तिच्यावर माझा पगार होतो. पण पगारी कामाची नजर स्वखर्चानं समुद्रावर घेऊन जायची म्हणजे वकिलानं स्वतःच्या बायकोची उलटतपासणी घ्यावी तसंच आहे. (घेतात म्हणे काही जण. पण ते सुखी नसतात.)

मुंबईहून मौजेच्या बोटी सुटतात ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. 2018च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा अशी एक बोट सुरू झाली होती, ती फार दिवस टिकली नाही. 2021च्या सप्टेंबरपासून मोठी बोट आली आणि गोवा, कोची, लक्षद्वीप ही नावं जाहिरातींतून पार आमच्या एस.टी. स्टँडपर्यंत पोचली. तिकिटात राहणं, जेवणखाण, करमणूक सगळं आलं, असं त्या जाहिरातींत ठळक अक्षरांत छापलेलं असतं. 'सगळं आलं' हे दोन शब्द मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हाती देणं म्हणजे जप्तीचा हुकूमनामा देण्यासारखं आहे. तो ते घेऊन बोटीत शिरतो आणि थेट भोजनगृहावर टाच आणतो.

माझ्या पहिल्या प्रवासात असे एक सेवानिवृत्त गृहस्थ आमच्या टेबलाला होते. गावाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. त्यांच्या खिशात एक छोटी वही होती. तिकिटाच्या रकमेला त्यांनी बोटीवर मिळणाऱ्या एकूण खाण्यांनी भागलेलं होतं. दोन रात्रींत खाणी किती? सकाळचा नाष्टा, मग ज्यांचा नाष्टा चुकला त्यांच्यासाठी उशिराचा नाष्टा, दुपारचं जेवण, चारचा चहा आणि त्याबरोबर केक, संध्याकाळचं काहीतरी, रात्रीचं जेवण, आणि मध्यरात्री पुन्हा काहीतरी. गृहस्थ चुकलेल्यांचा नाष्टा न चुकता करीत. आइस्क्रीमच्या दोन वाट्या म्हणजे पनीरची एक भाजी, असा विनिमयाचा दरही त्यांनी ठरवून टाकला होता. पहिल्या रात्री साडेदहाला त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "एकोणीस टक्के वसूल!" आमच्या साहेबांनी हा आकडा पाहिला असता तर त्यांना रोजंदारीवर ठेवून घेतलं असतं.

रात्री वारा सुटला. बोट डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशी संथपणे, एखाद्या तालेवार बाईसारखी झुलायला लागली. त्यानंतर काय झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की गृहस्थांनी जे काही वसूल केलं होतं ते समुद्रानं मुद्दल आणि व्याजासकट परत वसूल केलं. दुसऱ्या दिवशी बोट गोव्याला लागली तेव्हा सगळे उतरले, आणि त्यांना मात्र बोट लागलेली असल्यामुळे ते खोलीत पडून राहिले. त्यांच्या सौभाग्यवती एकट्या मंगेशीला जाऊन आल्या. फार आनंदात दिसल्या.

आता कुणी म्हणेल, ज्याचे पैसे त्यानं वसूल केले तर तुमच्या पोटात का दुखतं? वसुली कुणाकडून होते, ते आधी पाहा. बोटीच्या कंपनीकडून? मुळीच नाही. कंपनीनं तुमची भूक आधीच किमतीत धरलेली असते. वसुली होते ती खोली आवरणाऱ्या पोराकडून. आमच्या मजल्यावरचा पोरगा रत्नागिरीकडचा होता. आजाही बोटीवर, चुलताही बोटीवर. मी त्याला म्हटलं, "मजा आहे बाबा तुझी, रोज समुद्र." तो चादर झटकता झटकता म्हणाला, "साहेब, समुद्र कुठला? आमची झोपायची खोली खाली. तिला खिडकीच नाही. रात्री आंघोळीच्या पाण्याचा आवाज आला की समजायचं, समुद्र!" सात-आठ महिन्यांचा करार, आणि आठवड्यात सुट्टीचा वार म्हणून नाहीच. त्या पोराला आमच्या वहीवाल्या गृहस्थांनी एका दिवसात नऊ वेळा घंटी वाजवून बोलावलं. टॉवेल बदल, साबण आण, शाम्पूच्या आणखी दोन बाटल्या दे. आजारी पडल्यावरचं तर सोडाच.

वसुली नेहमी उताराच्या दिशेनं वाहते, हे मी बँकेत पाहिलंय. मोठा थकबाकीदार आला की साहेब खुर्चीतून उठतात, चहा मागवतात आणि तडजोडीची भाषा बोलतात. लहान आला की तो दाराशी चप्पल काढून उभा. बोटीवरही तेच. ज्यानं तिकिटाचे पैसे घेतले तो कुठंतरी वातानुकूलित कचेरीत, आणि आपण हिशेब मागतो तो टॉवेल आणणाऱ्या पोराला. म्हणून माझा पहिला सल्ला: त्या पोराचं नाव विचारा, आणि उतरताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवा. सेवाशुल्क बिलात लागलेलं असलं तरी ठेवा.

नुसता वाद घालून माणसाचं समाधान होत नाही. म्हणून आता अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. फुकट आहेत, वसूल करू नका.

खोली घेताना सगळे वरच्या मजल्याच्या आणि सज्जाच्या मागं लागतात. लहानपणी सी-सॉवर बसला असाल तर आठवून बघा. टोकाला बसणारा आभाळात जातो आणि आपटतो. मधला जागच्या जागी. बोटीचंही तसंच. खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची खोली सगळ्यांत कमी हलते, आणि बहुधा सगळ्यांत स्वस्तही पडते. खिडकी नसली तरी बिघडत नाही. खोलीत बसून समुद्र बघायचा तर घरी बसून कॅलेंडर का बघू नये?

पोट रिकामं ठेवू नका आणि भरूही नका. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि बोट हलायच्या आधी घ्या. हलल्यावर घेतलेली गोळी गोळीबारासारखी बाहेर येते. कसंतरी व्हायला लागलं तर खोलीत पडू नका. वर उघड्यावर जा आणि जिथं पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेघेकडं बघत राहा. आमच्या भागातल्या माणसाला एक फायदा आहे. ज्यानं लहानपणी बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून प्रवास केलाय, त्याला अरबी समुद्र काय हलवणार! फक्त पावसाळ्यात त्या समुद्राशी पैज लावू नका. तेव्हा तो गमतीत नसतो.

मोठी बॅग बोटीत चढतानाच काढून घेतात आणि खोलीत ती तीन-चार तासांनी येते. तोवर औषधं, चष्मा, ओळखपत्र आणि एक बदलायचा कपडा खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. घरचं खाणं बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत. पिण्याचं पाणी, चहा, पोहे सगळं आत मिळतं. शंकरपाळ्यांचा डबा ढोकीहून मुंबईपर्यंत गाडीतच संपवावा. संपतो.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. बँकेतला माणूस म्हणून कळकळीनं सांगतो, पैसे हाताला लागत नाहीत तिथं ते सर्वांत लवकर जातात. 'सगळं आलं' यात सरबतं, इंटरनेट, फोटो, किनाऱ्यावरची सहल, यातलं बरंचसं आलेलं नसतं. रोज रात्री आपला उतारा मागून बघा. शेवटच्या सकाळी तिथं जी रांग लागते, ती आमच्या शाखेत पीकविम्याच्या दिवशीही लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. बोट सुटताना एक कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की जाकिटं कुठं आहेत, कोणत्या दारानं जायचं, कुठं जमायचं, हे दाखवतात. वसुलीवाले ही कवायत बुडवून नाष्ट्याला जातात. 13 जानेवारी 2012ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही भली मोठी बोट खडकाला घासून कलंडली आणि बत्तीस माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. नंतर नियम कडक झाला: कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या. इटलीला तरी कशाला जायचं? 17 जुलै 1947ला भाऊच्या धक्क्यावरून जवळच्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडात आजही त्या बोटीचं नाव जपून उच्चारतात. समुद्र प्रवासाची लांबी बघत नाही. तेव्हा ती पंधरा मिनिटं द्या.

एवढं सांगितल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक उठतात. हे वसुलीवाल्यांच्या अगदी उलट. हे म्हणतात, "लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही पाण्यावर तरंगायला पैसे मोजता? आपल्यासारख्यांना बोट कशाला?" बोलण्यात वजन आहे, म्हणून यांच्याशी मी जरा बसून बोलतो.

'आपल्यासारख्यांना' म्हणजे कुणासारख्यांना? ढोकीशेजारचं तेर आपण गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव तगर म्हणून समुद्रापलीकडं ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं समुद्री वाटांची एक वही लिहून ठेवलीय, 'पेरिप्लस'. (वही म्हटल्यावर मला आधी आमचे गृहस्थच आठवले.) त्यात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं गाव, आणि तिथलं कापड, साध्या जाड्याभरड्यापासून मलमलीपर्यंत, गाड्यांत भरून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जातं. म्हणजे आमच्या पंचक्रोशीचा आणि समुद्राचा व्यवहार जुना आहे. फक्त त्यात एक खोट होती. माल गेला आणि माणूस राहिला. विणणाऱ्यानं बोट पाहिली नसावी, गाडीवानानं फार तर बंदर पाहिलं असेल. दोन हजार वर्षांनी एक कारकून त्या बोटीत बसला, तर एवढं अंगावर का येता?

आता पाण्याचं. 2016च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते सगळ्या देशानं पेपरात वाचलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ही गाडी आमच्या ढोकीवरून गेली. आमच्या दारावरून पाणी गेलं आणि आमच्या घागरी टँकरची वाट बघत ओट्यावरच होत्या. आईनं त्या गाडीला पंढरीच्या दिंडीला जोडावेत तसे हात जोडले होते. म्हणून पाण्याची किंमत मला कुणी शिकवू नये. मी बोटीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच आधी विचारलं: पाणी कुठून आणता? तर बोटच समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करते. इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून, नाहीतर दाबानं गाळून. आणि ते इतकं महागात पडतं की बोट थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. तिथला संडास हवेच्या ओढीवर चालतो; त्याला एका वेळेला लिटरभर पाणी पुरतं. शहरातली टाकी त्याच कामाला सहा-सात लिटर, कधी दहाही ओतते. चहूकडं पाणीच पाणी आणि पिण्यापुरतं मोजून, ही अवस्था जगात दोघांनाच नीट समजते: बोटीच्या इंजिनियरला आणि पावसाळ्यातल्या कोरड्या पंधरवड्यात आभाळाकडं बघणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला.

उधळपट्टी बोट करत नाही, बोटीवरचा वसुलीवाला करतो. चार पदार्थ ताटात वाढून घेऊन दोन टाकणारा, 'पैसे भरलेत' म्हणून नळ सोडून दाढी करणारा. तेव्हा दुष्काळाच्या नावानं मला बोलणाऱ्यांनी त्याला गाठावं. आपण एकाच बाजूचे आहोत.

राहता राहिला एक हिशेब. तो माझ्या तिसऱ्या प्रवासाचा. हा प्रवास मी आईला घेऊन केला.

आमचे वडील 1975च्या सुमारास एका मित्राच्या लग्नाला मालवणला गेले होते. तेव्हा मुंबईहून कोकणात प्रवासी बोटी जायच्या. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं त्या पिढीला नातेवाइकांसारखी पाठ असत. वडिलांचं तिकीट डेकचं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त. एक वळकटी, एक पिशवी आणि वर आभाळ. बंदराशी बोट लांबच थांबायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला यायची. त्या बोटी मौजेच्या नव्हत्या. कुणी बाळंतपणाला, कुणी गणपतीला, कुणी गिरणीतून सुटून गावाला. बोटीनं पैसे वसूल केले का, असं त्यातल्या कुणी विचारल्याचं वडिलांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ते सांगायचे ते एवढंच, की रात्रभर झोप आली नाही आणि झोपावंसंही वाटलं नाही. पुढं ती वाहतूक बंद पडली. पण वडिलांनी ती एक रात्र आयुष्यभर सांगितली, आणि दर वेळी शेवटी आईला म्हणायचे, "तुला एकदा बोटीनं नेतो." उसाचं बिल आलं की नेतो, पोरांची शिक्षणं झाली की नेतो. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ते गेले. खातं उघडंच राहिलं.

वारसाकडून वसुली करता येते, हा नियम मला ठाऊक होता. म्हणून मीच भरणा करायचं ठरवलं.

माघाचा महिना होता. तिकिटं काढताना मी बोटीचा नकाशा पाहिला, हवामान पाहिलं, फक्त पंचांग पाहिलं नाही. बोटीवरचा मधला अख्खा दिवस नेमका वद्य एकादशी निघाला. म्हणजे 'सगळं आलं' अशा बोटीवर आईला काहीच आलं नाही! तिनं उपासाला आणलेले शेंगदाण्याचे लाडू दारातल्या शिपायानं बाजूला काढून ठेवले. आई त्याला म्हणाली, "ठिव लेकरा, पर खा तू. नासवू नको." आत भोजनगृहात चाळीस तऱ्हा मांडलेल्या, आणि माझी आई एक केळं आणि कपभर दूध घेऊन निघाली ती वर, कठड्याजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. बसली ती बसलीच.

मी दर दोन तासांनी जाऊन बघायचो. पहिल्यांदा तिनं विचारलं, "ह्या एवढ्या पाण्याचा मालक कोण रे?"

"कुणी नाही."

"मंग टँकरवाल्याला अजून कळलं न्हाई वाटतं," असं म्हणून ती पुन्हा पाण्याकडं बघायला लागली.

दुसरा एक वसुलीवाला या खेपेलाही होताच; त्यांच्याशिवाय बोट सुटत नाही. तो दर खेपेला ताट घेऊन तिच्यासमोरून जायचा आणि हळहळायचा. संध्याकाळी त्याला राहवेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजींनी काहीच खाल्लं नाही हो. नाटकाला नाही, नाचगाण्याला नाही. तुमचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले."

आईनं ते ऐकलं असावं. "काय म्हणायलेत ते?"

"तुझ्या तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत म्हणतात."

आईनं त्याच्याकडं खूप काळजीनं पाहिलं. "का वो दादा, तुमचे ऱ्हायलेत का कुणाकडं?"

तो गृहस्थ बिचारा ताट घेऊन निघून गेला. मी मात्र तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं वसुलीच्या टेबलावर काढून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. वसुली करायची तर आधी कुणाकडं तरी येणं असावं लागतं. समुद्राकडं माझं काय येणं आहे? वाऱ्यानं माझा कोणता हप्ता थकवलाय? रत्नागिरीच्या त्या पोरानं माझ्याकडून कधी उचल घेतली होती?

पहाटे पाचला तिनं मला हलवून उठवलं. बोट मुंबईकडं परत येत होती. डेकवर आम्ही दोघं आणि फरशी पुसणारा एक माणूस. एवढी मोठी बोट, हजारो रुपयांची तिकिटं, आणि तिच्यावरची सगळ्यांत चांगली जागा रिकामी. ती डेकची जागा. वडिलांच्या वेळी सगळ्यांत स्वस्त तिकिटाला मिळायची ती. शेवटचा सल्ला इथंच देऊन टाकतो. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला असतो आणि परतताना उजव्या. आपल्या या समुद्रात सूर्य मावळतो पाण्यात, पण उगवतो जमिनीवरून. तेव्हा पहाटे त्या बाजूला जाऊन उभं राहावं. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी येत नाही.

उजवीकडं जमिनीची पुसट रेघ होती. तिच्यावर द्वादशीची बारीक कोर. पुढं खांदेरीच्या बेटावरचा दिवा उघडझाप करत होता. आई कठडा धरून उभी होती, पदर वाऱ्यावर. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं हुतं, तसंच हाय."

मी खाली जाऊन तिच्यासाठी दहीभात आणला. एकादशी सोडायची वेळ झाली होती. तिनं चार घास खाल्ले आणि वाटी बाजूला ठेवली. पोटाचं पारणं चार घासांत फिटलं. डोळ्यांचं मघाशीच फिटलं होतं.

आपली भाषा मोठी हिशेबी आहे. कर्ज फिटतं, पांग फिटतात, पारणं फिटतं. वसूल होतात ते फक्त पैसे. ज्याला हा फरक कळला त्यानं खुशाल बोटीनं जावं. बिनखिडकीची खोली घ्यावी, कमी खावं, पहाटे उठावं. ज्याला कळला नाही, तो अजूनही माझ्या टेबलाशी येतो, मजला विचारतो, भाडं विचारतो, आणि जाता जाता म्हणतो, "पण पैसे वसूल होतात का?"

आता मी हसत नाही. चष्मा कपाळावर चढवतो आणि आईच्याच काळजीनं विचारतो, "का हो, तुमचे राहिलेत का कुणाकडं?"